व्हायटिंग मागे लागली की हात थांबवू नका

पाण्यावर चालणाऱ्या ल्यूरने, म्हणजे नकली आमिषाने, व्हायटिंग हा मासा पकडायचा, तर हाताची एक सवय आधी मोडावी लागते. ती म्हणजे मध्येच थांबण्याची. ब्रीम माशासाठी पॉपर (खोलगट तोंडाचं, आवाज करणारं ल्यूर) वापरणाऱ्यांना ही सवय असतेच. दोन टिचक्या द्यायच्या, थांबायचं, पाण्यावरची वर्तुळं विरू द्यायची, पुन्हा दोन टिचक्या. ब्रीम बऱ्याचदा नेमकी त्या थांब्यातच ल्यूर घेते. व्हायटिंगचं उलटं आहे. ती पळणाऱ्या भक्ष्याच्या मागे लागते आणि भक्ष्य उभं राहिलं की तिचा त्यातला जीवच जातो. चार-पाच मासे ल्यूरच्या मागे लागलेले तुम्हाला स्वच्छ दिसतात, उत्साहाने तुम्ही क्षणभर हात थांबवता आणि ते चारी दिशांना पांगतात. म्हणून शिकायचं ते एवढंच: ल्यूर न थांबवता त्याचा वेग, आवाज आणि चाल बदलायची कशी.

मी हे सगळं करते ते ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या पमिसस्टोन पॅसेजमध्ये. ब्रायबी बेट आणि मुख्य किनारा यांच्यामधली ही लांबट, उथळ खाडी. पश्चिमेला ग्लास हाउस माउंटन्सचे सुळके दिसतात, पायाखाली पांढरी वाळू आणि मधूनमधून समुद्री गवताचे पट्टे. मी कॅबूल्चरला राहते, वृद्धाश्रमात पाळीची नोकरी करते. त्यामुळे आठवड्याच्या मधल्याच एखाद्या दुपारी भरती जुळली की अर्ध्या तासात पाण्यात उभी असते. मूळची वेंगुर्ल्याची. गरवायला शिकले ती मांडवीच्या खाडीत, बाबांच्या शेजारी बसून. तंगूस, गरी आणि कोळंबीचा तुकडा, एवढ्यावर. इथली सँड व्हायटिंग म्हणजे सिलागो सिलिएटा. आपली मुडदुशी, सिलागो सिहामा, तिच्याच कुळातली. तेच निमुळतं तोंड, तेच चंदेरी अंग, फक्त ही अंगाने दांडगी. चाळीस सेंटिमीटरची मिळाली तर इथले लोक तिला ‘एल्बो स्लॅपर’ म्हणतात, कारण डोकं मुठीत धरलं की शेपटी कोपरावर आपटते.

वरचं ल्यूर ती घेतेच का

तोंड खाली वळलेलं, वाळूतले किडे आणि यॅबी (वाळूत बिळं करणारे कोळंबीसारखे छोटे जीव) उकरून खाणारा हा मासा. वर्षानुवर्षं लोकांनी तो तळाशी आमिष ठेवूनच पकडला, आणि आजही बहुतेक जण तसाच पकडतात. पण उन्हाळ्यात (इथला उन्हाळा डिसेंबरच्या सुमाराचा) उथळ पाण्यात कोळंबी येते, आणि घाबरलेली कोळंबी पाण्यावर टणाटण उड्या मारत सुटते. ती मध्येच उभी राहून मागे वळून बघत नाही. व्हायटिंग टोळीने तिच्यामागे धावते आणि ज्याचं तोंड आधी पोचेल त्याची ती होते. ही चुरस फार महत्त्वाची आहे. एकटी व्हायटिंग भित्री असते. पाच जणी असल्या की प्रत्येकीला दुसरीच्या आधी पोचायचं असतं. आपलं ल्यूर म्हणजे ती पळणारी कोळंबी, एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढच्या निम्म्या शंका उरत नाहीत.

इथला हंगाम साधारण ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत. डिसेंबर ते मार्च सगळ्यात चांगला, पाणी २४-२५ अंशांवर गेलेलं असतं. आणि यासाठी पहाटे उठायची गरज नाही. भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना, गुडघाभर पाण्यात व्हायटिंग वर येते. उलट मला तीच वेळ आवडते, कारण पोलराइज्ड चष्म्यातून तळ, गवत आणि मागे लागलेला मासा, तिन्ही दिसतात.

जागा निवडताना ओहोटीला एकदा जाऊन यावं. पाणी उतरल्यावर वाळूच्या ज्या पट्ट्यावर यॅबींची भोकंच भोकं दिसतील, तो पट्टा लक्षात ठेवायचा. टूरबल गावासमोर असे पट्टे आहेत, बेटाच्या बाजूला व्हाइट पॅचलाही. पुढची भरती त्या पट्ट्यावर चढायला लागली की व्हायटिंग पाण्याच्या कडेबरोबर आत सरकते, कधी कधी अगदी नडगीएवढ्या पाण्यात. तुम्हीही तिच्याबरोबर मागे मागे सरकायचं. ओहोटी लागली की पट्ट्यावरून पाणी उतरणाऱ्या चरांच्या तोंडाशी उभं राहायचं, कारण कोळंबीला तिथूनच बाहेर पडावं लागतं. उधाणाच्या दिवसांत पाणी जास्त चढतं, जास्त वाळू झाकली जाते आणि मासा पसरतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे पाणी कमी चढतं तेव्हा, तो चरांजवळच सापडतो. खाडीच्या उत्तर टोकाकडे मात्र जुन्या माहितीवर जाऊ नका. जानेवारी २०२२ मध्ये समुद्राने कॅलाउंड्राजवळ ब्रायबी बेट फोडलं, तेव्हापासून तिकडचे प्रवाह आणि वाळूचे पट्टे बदललेत.

सामान थोडक्यात

सात ते साडेसात फुटी हलका रॉड, १ ते ३ किलोच्या दोरीसाठीचा, मऊ शेंड्याचा. छोटा रील, २००० किंवा २५०० आकाराचा. ६ पाउंडी ब्रेड (विणलेली दोरी) आणि तिच्यापुढे ल्यूर बांधायला रॉडच्या लांबीएवढा ६ पाउंडी लीडर. लीडरसाठी मी साधं नायलॉन वापरते, म्हणजे आपलं तंगूसच. फ्लुरोकार्बन पाण्यात बुडतं आणि छोट्या ल्यूरचं नाक खाली ओढतं. नायलॉन तेवढं बुडत नाही.

ल्यूर ५० ते ७० मिलिमीटरचं, शक्यतो पारदर्शक किंवा कोळंबीच्या रंगाचं. पेन्सिल (लांबट, डावी-उजवीकडे वळत चालणारं) प्रकारात बॅसडे शुगापेन ७०, पॉपर प्रकारात एमएमडी स्प्लॅश प्रॉन. माझ्या डबीत ही दोन कायम असतात. रंगावर फार वेळ घालवू नका. गरीवर मात्र घालवा. व्हायटिंगचं तोंड करंगळी जेमतेम जाईल एवढं असतं. ल्यूरबरोबर आलेले तिकोनी हुक जाड असतील तर काढून टाकायचे आणि बारीक तारेचे, धारदार, १० किंवा १२ नंबरचे लावायचे. मात्र मागचा हुक बदलताना त्याचं वजन जुन्याएवढंच राहील हे बघा. मागून हलकं झालेलं ल्यूर पाण्यावर आडवं पडतं आणि चालत नाही. बादलीभर पाण्यात टाकून पाहिलं की लगेच कळतं: शेपटी किंचित खाली, नाक वर, असं तरंगायला हवं.

हाताची चाल

लांब फेका. उथळ पाण्यातली व्हायटिंग सावलीलाही बुजते, आणि लांब फेकीचा दुसरा फायदा म्हणजे मागे लागलेल्या टोळीला विचार बदलून हल्ला करायला अंतर मिळतं. ल्यूर पाण्याला टेकण्याआधी बोटाने ब्रेड हलकेच अडवा, म्हणजे ते धपकन पडणार नाही आणि दोरीत ढिलाईही उरणार नाही. बेल (रीलवरची तारेची कमान) हाताने बंद करा आणि ताबडतोब गुंडाळायला लागा. पहिल्या दोन फेऱ्यांतच मासा लागणं हे या प्रकारात नेहमीचं आहे.

रॉडचा शेंडा खाली, पाण्यापासून वीतभर वर. डावा हात हँडल फिरवतो तो एकसारखा, सेकंदाला साधारण एक फेरा. छोट्या रीलच्या एका फेऱ्याला ६५-७० सेंटिमीटर दोरी आत येते, म्हणजे ल्यूर सावकाश चालणाऱ्या माणसापेक्षाही हळू सरकतं. पण टिचक्यांमुळे ते बरंच घाईत असल्यासारखं दिसतं. या टिचक्या द्यायच्या उजव्या मनगटाने, प्रत्येक फेऱ्याला दोन किंवा तीन. हे दोन हात एकमेकांपासून सुटे व्हायला हवेत. सुरुवातीला उजव्या हाताच्या झटक्याबरोबर डावा हात अडखळतो आणि ल्यूर दर वेळी अर्धा क्षण उभं राहतं. मासा नसलेल्या जागी, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून आधी फक्त डावा हात फिरवा, ल्यूर सरळ येऊ द्या. तो हात न बघता चालायला लागला की मग मनगट.

टिचकीत जोर नसतो, सोडणं असतं. सुपात तांदूळ पाखडताना मनगट वर उचललं की लगेच खाली सोडतो, तसं. झटका दिला आणि रॉड तिथेच ताणून धरला तर ल्यूर सरळ पुढे ओढलं जातं. झटक्यानंतर शेंडा परत जागेवर आला, दोरीत बोटभर ढील पडली, की पेन्सिलचं नाक बाजूला वळतं. पुढच्या टिचकीला दुसऱ्या बाजूला. डावी-उजवी, डावी-उजवी. पॉपरला एवढी ढील नको. त्याला आखूड, कडक टिचकी दिली की पुढच्या खोलगट तोंडातून पाण्याची बारीक पिचकारी उडते. मोठा ‘भुक्’ असा आवाज काढायचा नाही. तो मोठ्या माशांसाठी. व्हायटिंगला हवा असतो तो बारीक, सतत चालणारा चुळबुळीचा आवाज.

हे जमलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे मासा मागे लागल्यावर काय करायचं.

मागे लागली, पण घेत नाही

ल्यूरच्या मागे पाण्यावर व्ही आकाराची लाट उठते. कधी एक, कधी तीन-चार शेजारी शेजारी. हृदय धडधडतं आणि हात आपोआप थांबतो; तो थांबू द्यायचा नाही. आहे तोच वेग आणखी दोन मीटर ठेवा. बहुतेक वेळा तेवढ्यात काम होतं.

लाट नुसतीच मागून येत राहिली तर वेग वाढवा, पण किंचितच. सेकंदाला एक फेरा होता तो सव्वा करा, टिचक्या आखूड आणि जलद करा. भक्ष्य निसटतंय असं वाटलं की मागची धाव घेते. फार जोरात ओढलं तर ल्यूर पाण्याबाहेर उड्या मारायला लागतं, तेव्हा मात्र ती सोडून देते.

दुसरा प्रकार जास्त सतावतो. ती हल्ला करते, पाणी उडतं, पण गरी लागत नाही. पुन्हा उडतं, पुन्हा नाही. इथे बहुतेक लोक वेग कमी करतात किंवा थांबतात. मी वेग तोच ठेवते आणि टिचकी छोटी करते. कारण पेन्सिल डावी-उजवीकडे हातभर फिरत असेल तर एवढ्याशा तोंडाने तिला गाठणं कठीण असतं. मासा जिथे नेम धरतो तिथून ल्यूर पुढच्या क्षणी हललेलं असतं. टिचकी निम्म्यावर आणली की ल्यूर जवळजवळ सरळ रेषेत, नुसतं थरथरत येतं आणि पुढचा हल्ला वाया जात नाही. तरीही चुकत असेल तर मनगट पूर्ण शांत ठेवा आणि फक्त हँडल फिरवत राहा, चार-पाच फेरे. ल्यूर पाण्यावर बारीक रेघ ओढत येईल. बाहेरून पाहणाऱ्याला हे थांबल्यासारखं वाटेल, पण ल्यूर सरकत असतं, आणि व्हायटिंगला तेवढं पुरतं.

हल्ला झाला म्हणून रॉड वर खेचायचा नाही. हे मला सगळ्यांना दहादा सांगावं लागतं, इतकं ते अवघड आहे. डोळ्यांना पाणी उडालेलं दिसतं आणि हात उठतोच. पण पाणी उडणं म्हणजे मासा लागणं नव्हे. तुम्ही खेचलंत तर ल्यूर हवेत जाईल आणि मागच्या चौघी खाली राहतील. गुंडाळत राहा. वजन हाताला जाणवलं, शेंडा वाकला, की मग रॉड हळूच बाजूला न्या, वर नाही. बारीक गरी असेल तर मासा वळताना स्वतःच अडकतो. ड्रॅग (रीलची दोरीवरची पकड) इतकी हलकी ठेवा की हाताने ओढल्यावर दोरी सहज सुटेल. व्हायटिंग तिच्या आकाराच्या मानाने फार जोरात पळते, डोकं झाडते आणि तिच्या तोंडाची कड नाजूक असते. घाई केली की तिथेच फाटते.

शेवटचे पाच मीटर लोक वाया घालवतात. ल्यूर जवळ आलं की दोरीचा कोन उभा होतो, ल्यूर पाण्यातून उचललं जातं आणि माणूस पुढच्या फेकीचा विचार करायला लागतो. व्हायटिंग मात्र पायापर्यंत मागे येते. शेंडा पाण्याला जवळजवळ टेकवा, हवं तर गुडघ्यात वाका, आणि रॉडच्या लांबीएवढं अंतर उरेपर्यंत चाल तीच ठेवा. मग बघा, मागे काही आहे का. असेल तर जागचे हलू नका. त्याच दिशेला पुन्हा फेका. टोळी लांब गेलेली नसते.

वारा आणि प्रवाह

काचेसारखं स्थिर पाणी मला आवडत नाही. उन्हाळ्यात दुपारकडे ईशान्येचा वारा सुटतो आणि पॅसेजवर बारीक लहरी उठतात, तेव्हा खरी मजा. लहरींमुळे व्हायटिंगला तुम्ही दिसत नाही आणि दोरीही दिसत नाही. अशा वेळी पॉपर लावा, त्याचा आवाज लहरींतून पोचतो. पाणी स्थिर असेल तर पेन्सिल, लीडर आणखी लांब, टिचकी अगदी नाजूक.

वारा पाठीवर किंवा पाठीच्या एका बाजूने घ्या. आडव्या वाऱ्यात दोरीला मोठी कमान पडते, ती ल्यूरला बाजूला ओढते आणि तुमची टिचकी कमानीतच विरते. नाइलाज असेल तर शेंडा अक्षरशः पाण्यात बुडवून गुंडाळा.

प्रवाहात फेकताना तिरकं, थोडं वरच्या अंगाला फेका. कोळंबी पाण्याबरोबर वाहत येते, तसंच ल्यूरही यायला हवं. पण पाणीच ल्यूरला तुमच्याकडे आणत असतं, तेव्हा सेकंदाला एक फेरा पुरत नाही; दोरी सैल पडते. हात जलद फिरवा. उलट प्रवाहाविरुद्ध आणत असाल तर पाणी ल्यूरला आधीच हलवतंय, तिथे संथ फिरवा. घड्याळाकडे नाही, ल्यूरमागे उमटणाऱ्या रेघेकडे बघून वेग ठरवायचा. रेघ मोडली म्हणजे ल्यूर थांबलं.

मध्येच दुसरे मासे येणारच. टोळ मासा लांब चोचीने लीडर खरवडतो. त्याने धरलं तर लीडर बोटांतून फिरवून तपासा. केंड मागे लागला तर जागा बदला, तो ल्यूरची शेपटी आणि बारीक गरी, दोन्ही चावून टाकतो. ब्रीम आली तर येऊ द्या, पण तिच्यासाठी म्हणून थांबायला लागू नका. त्याच पट्ट्यावर व्हायटिंग असते.

पाण्यात चालताना पाय उचलायचे नाहीत, घासत न्यायचे. वाळूत पाकट दडलेली असते. पाय घासला की ती उठून जाते, पाय पडला की काटा मारते. जाड तळव्याचे बूट घाला.

नियम सोपे आहेत, पण पाळा. क्वीन्सलँडमध्ये सँड व्हायटिंग किमान २३ सेंटिमीटर हवी आणि एका माणसाजवळ ३०पेक्षा जास्त नकोत. भरती-ओहोटीच्या पाण्यात गरवायला इथे परवाना लागत नाही. हद्द ओलांडून न्यू साउथ वेल्समध्ये गेलात तर परवाना लागतो, किमान लांबी २७ सेंटिमीटर आणि मर्यादा २०. पमिसस्टोन पॅसेज मोरटन बे मरीन पार्कमध्ये येतो आणि त्या पार्कच्या हिरव्या पट्ट्यांत मासेमारीला पूर्ण बंदी आहे, तेव्हा नकाशा पाहूनच उतरा. सोडायचा मासा ओल्या हातानेच धरा, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो.

घरी न्यायची असेल ती लगेच मारून बर्फाच्या पाण्यात टाका. व्हायटिंगचं मांस नाजूक असतं. उन्हात बादलीत पडून राहिली की तासाभरात मऊ पडते. खवले बारीक पण भरपूर, शेपटीकडून डोक्याकडे सुरीच्या पाठीने काढा. मग मुडदुशीसारखंच: हळद, मीठ, आगळ, थोडं तिखट, वरून रवा आणि तांदळाचं पीठ, आणि तव्यावर मध्यम आंचेवर. काटे मुख्यतः मधल्या कण्यालाच असतात, त्यामुळे लहान मुलांनाही देता येते. इथे बहुतेक जण फिले, म्हणजे कण्यापासून सोडवलेले तुकडे, काढतात. मी अख्खीच तळते, कारण कण्याजवळचं मांस सगळ्यात गोड असतं.